चार मते, एकच उमेदवार

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची आठवण नाशकात २ मार्चला निघते. भाषणे होतात, हार पडतात. त्याच लढ्यातल्या माणसांनी १९३७ मध्ये जिंकलेल्या निवडणुकीचे मात्र नावही कुणी काढत नाही. मंदिराचे दार पाच वर्षे ठोठावूनही उघडले नाही. पण सत्याग्रहाचे चिटणीस भाऊराव गायकवाड या निवडणुकीतून मुंबई विधानसभेत जाऊन बसले. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला तेव्हा जन्मून पुरते वर्षही झाले नव्हते. त्याने १७ जागा लढवल्या आणि बहुतेक जिंकल्या.

मतदान सार्वत्रिक नव्हते. खेड्यात मताला जमीन लागे, निदान आठ रुपये साऱ्याची. ज्याच्या नावावर बांधही नाही त्या महाराने मत कुठून आणायचे? १९३५ च्या कायद्याने अनुसूचित जातींसाठी एक पळवाट ठेवली होती: लिहिता-वाचता येत असेल, किंवा गावकीचे कनिष्ठ काम प्रत्यक्ष करत असाल, तर मत. गावकीच्या ज्या वतनाचे जोखड मोडायला आंबेडकर १९२८ पासून कायदेमंडळात झगडत होते, त्याच वतनाने गावोगावच्या येसकर-तराळाला मतदार केले!

तरीही पुणे कराराची मेख होतीच. जागा राखीव, पण मतदार सगळे. म्हणजे दलितांचा प्रतिनिधी कोण, हे सवर्ण बहुसंख्येने ठरवायचे. ही मेख बरीचशी ढिली केली ती मुंबई प्रांतातल्या एका तरतुदीने. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला, आणि ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा. चार जागा असतील तर चारही मते एकालाच. बहुसंख्यांची मते चार उमेदवारांत वाटली जात, अल्पसंख्यांची एका जागी साचत. राखीव जागेवर कुणाची मर्जी सांभाळणारा बसेल की चळवळीतला माणूस, याचा निकाल या बेरजेत असे.

मर्यादित मतदानाचे कायदे राज्यकर्ते आपल्या सोयीने बेततात, यात नवल नाही. १९०८ मध्ये क्रोएशियात मतदार मूठभर आणि मतदान उघड, तरी तिथले बान (राजप्रतिनिधी) राउख यांच्या पाठीराख्यांना एकही जागा मिळाली नाही. मग राउख यांनी निवडून आलेले सभागृहच कामाला बसू दिले नाही. आपल्याकडच्या गोऱ्या साहेबालाही लोकशाहीचा पुळका नव्हता. पण मत कसे टाकायचे, या किरकोळ वाटणाऱ्या कलमावर त्या वेळी डोके खर्च झाले होते.

आता आजच्या नाशकाकडे या. २०१७ मध्ये महापालिकेच्या १२२ जागांसाठी ३१ प्रभाग झाले. दोन सोडले तर सगळे चार-चार जागांचे. मतदाराला चार मते मिळाली खरी, पण प्रत्येक मत वेगळ्या जागेला जखडलेले. चौघांपैकी एकच आवडता असेल तर त्याला एकच मत द्या, उरलेल्या तीन बटणांवर नको असलेल्यांतून निवडा, नाहीतर ‘नोटा’ दाबा. पॅनेल ज्याचे तगडे त्याचे चारही निघतात, एकटा अपक्ष घरी बसतो. एखाद्या वस्तीची एकजूट कितीही असो, ती प्रभागाच्या पसाऱ्यात विरघळते.

प्रभाग किती मोठा असावा, यावर मुंबईत जितकी खलबते झाली तितकी नाशिकच्या पाण्यावर झाली नसतील. २०१२ ला दोनाचा, २०१७ ला चाराचा, मग महाविकास आघाडीने आधी एकाचा केला नि २०२१ मध्ये तिनाचा, २०२२ मध्ये सरकार बदलताच पुन्हा चाराचा. आकडा बदलायला सगळेच पक्ष तयार असतात. चारही मते एकाला देण्याची मुभा मतदाराला परत द्यावी, असे विधेयक यांच्यापैकी एकानेही मांडलेले नाही.