तिकिटांचे आल्बम म्हातारे झाले

टपाल तिकिटांचे प्रदर्शन कोठे भरले तर वाचकांनी एकदा जरूर पाहून यावे. पाट्यांवर लावलेली तिकिटे रंगीबेरंगी असतात, पण भिंग लावून ती पाहणारे बहुतेक साठी ओलांडलेले. शाळेने आणलेली मुले रांगेत फिरतात, खाऊ घेतात आणि जातात. हा छंद म्हातारा झाला आहे, आणि त्याच्याबरोबर जे जाणार आहे त्यात आपल्या घरातलेही काही आहे, म्हणून हा विषय घेतला.

मुलांना मोबाईलचे वेड लागले, असे सगळे म्हणतात. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. पूर्वी तिकीट आपण होऊन घरी येत असे. कुणाचे वडील ऑफिसात शिपाई, कुणाचे काका गोदीत. परदेशी पाकिटे केराच्या टोपलीतून घरी यायची. तिकीट वाटीभर पाण्यात भिजवायचे, वर्तमानपत्रावर वाळवायचे आणि भाताच्या खळीने वहीत चिकटवायचे. (खळीने तिकीट खराब होते हे तेव्हा कुणाला ठाऊक होते!) हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड आणि मग्यार म्हणजे हंगेरी हे आम्ही वस्तीतली मुले तिकिटांवरूनच शिकलो. या शाळेला फी नव्हती.

आता पत्रच येत नाही. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. बँकेच्या पाकिटावर छापील शिक्का असतो, स्पीड पोस्टावर बारकोडची पट्टी. ज्या मुलाने जीभ लावून तिकीट कधी चिकटवलेच नाही, त्याने ते जमवावे तरी का? आज पोस्ट नवनवी तिकिटे काढते, पण ती पत्रावर क्वचित दिसतात. संग्राहक ती खिडकीवर पैसे मोजून घेतात आणि थेट आल्बममध्ये ठेवतात. फुकटचा छंद विकतचा झाला. ६ मे १८४० रोजी इंग्लंडात जगातले पहिले तिकीट चालू झाले, ते एका पेनीत कुणालाही पत्र धाडता यावे म्हणून, हे येथे आठवते.

म्हाताऱ्या संग्राहकाच्या मागे आल्बमचे काय होते? मुलांना त्यातले कळत नाही. आल्बम रद्दीवाल्याकडे जातो, नाहीतर फुटपाथवरच्या विक्रेत्याकडे ढिगाने.

आपल्या लोकांनी तिकिटे प्रेमाने जपली. बुद्ध जयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त मे १९५६ मध्ये दोन तिकिटे निघाली, एक २ आण्यांचे आणि दुसरे १४ आण्यांचे. बाबासाहेबांवरचे पहिले तिकीट १९६६ चे, १५ पैशांचे. १९७७ मध्ये महात्मा फुले यांचे निघाले, १९९१ च्या शताब्दीला पुन्हा बाबासाहेबांचे. जुने तिकीट म्हणजे लाखो रुपये, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. ही तिकिटे भरपूर छापली गेली, त्यांना मोठी किंमत येत नाही.

पण ट्रंकेच्या तळाशी ऑक्टोबर १९५६ मधला नागपूरचा शिक्का असलेले एखादे पोस्टकार्ड निघाले तर? कुणी आजोबांनी दीक्षेहून घरी लिहिलेले चार ओळींचे? किंवा त्या डिसेंबरातली मुंबईची तार? त्याची किंमत बाजार ठरवणार नाही. म्हणून एकच विनंती. पाकिटावरचे तिकीट फाडून काढू नका. शिक्का, पत्ता, तारीख आणि अक्षर हे सगळे मिळून तो कागद बोलतो. आणि पत्र कुणी कुणाला लिहिले, हे वडीलधारे सांगू शकतात तोवर विचारून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा.

मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. टपाल खात्याने २०१७ साली 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती सुरू केली. सहावी ते नववीच्या मुलांसाठी वर्षाला ६,००० रुपये, देशभरात ९२० मुलांना. मागील परीक्षेत ६० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत. शाळेत तिकिटांचा क्लब असावा, नसेल तर मुलाच्या नावे पोस्टात तिकिटांचे ठेव खाते चालते. ते २०० रुपयांत उघडता येते. आधी लेखी परीक्षा, मग तिकिटांवर प्रकल्प. इतक्या कमी जागांत आपला नंबर कसा लागणार, असे म्हणून वस्तीतली मुले अर्जच करीत नाहीत, आणि जागा त्यांनाच मिळतात ज्यांच्या शाळेत क्लब आहे. यंदाच्या तारखा मोठ्या पोस्टातल्या तिकीट-विभागाच्या खिडकीवर विचाराव्यात. जाताना मुलाला बरोबर न्यावे, आणि घरात एखादा जुना आल्बम असेल तर त्याच्या मालकालाही.