महापौरांची खुर्ची आणि तिजोरीची किल्ली

अठराव्या शतकाच्या आरंभी चांद्याच्या गोंड राज्याचा कारभार राणी हिराईच्या हाती आला. पती बीरशहाच्या मृत्यूनंतर तिने रामशहास दत्तक घेतले आणि त्याच्या नावाने राज्य चालविले. गादी मुलाची, निर्णय राणीचा. पतीची समाधी आणि महाकालीचे मंदिर ही तिची कामे आजही शहरात उभी आहेत.

तीनशे वर्षांनंतर त्याच शहरात चित्र जवळजवळ उलट झाले. चंद्रपूर महानगरपालिका ऑक्टोबर २०११ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी राज्याने स्थानिक संस्थांतील महिलांचे आरक्षण पन्नास टक्क्यांवर नेले होते. त्यामुळे २०१२ च्या पहिल्याच सभागृहात ६६ पैकी ३३ जागा महिलांसाठी राखीव होत्या. संगीता अमृतकर पहिल्या महापौर झाल्या. २०१४ मध्ये राखी कंचर्लावार, २०१७ मध्ये अंजली घोटेकर आणि २०१९ मध्ये पुन्हा कंचर्लावार. एप्रिल २०२२ मध्ये मुदत संपून कारभार प्रशासकाकडे जाईपर्यंत त्या खुर्चीवर एकही पुरुष बसला नाही. महाराष्ट्रातील मोठमोठ्या शहरांनाही हे सहज साधलेले नाही.

मात्र खुर्ची म्हणजे किल्ली नव्हे. महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात. ते प्रथम सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे आणि मगच सर्वसाधारण सभेपुढे येते. मोठ्या ठेक्यांना मंजुरी देणारीही हीच समिती. महापौरपदाला आरक्षणाची सोडत आहे, स्थायी समितीच्या सभापतिपदाला नाही. महापौरांकडे सभेचे अध्यक्षपद, शहराचा मान आणि अडीच वर्षांची मुदत असते. रस्ता, नाली आणि इरई धरणाच्या पाण्याचा पैसा मात्र दुसऱ्या खोलीत ठरतो.

शेजारच्या गडचिरोलीत, तुलनेने लहान नगरपरिषदेत, पद अधिक भक्कम आहे. २०१६ मध्ये योगिता पिपरे तेथे थेट जनतेतून नगराध्यक्षा झाल्या, आणि नगरपरिषदेच्या कायद्यात नगराध्यक्ष हाच स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो. लहान गावाने स्त्रीच्या हाती जे दिले, ते मोठ्या शहराच्या रचनेत बसत नाही, ही गंमतच म्हणायची.

नेतृत्वाची उणीव या जंगलपट्ट्यातील स्त्रियांत कधीच नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी आली. २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने ती उठली. चालणाऱ्या पायांइतकेच निर्णयाच्या टेबलालाही महत्त्व असते, ते असे.

व्यापारी घरांना हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कित्येक पेढ्यांच्या भागीदारीपत्रात सुनेचे नाव असते, धनादेशावर सहीही तिचीच असते. पण खरेदीचा भाव आणि उधारीची मुदत ठरताना तिला कोणी बोलावीत नाही. नगरसेविकेच्या घरीही अनेकदा हेच घडते. फोन पती उचलतात, ठेकेदार त्यांनाच भेटतो, सभेत कोणत्या विषयावर हात वर करायचा तेही घरीच ठरते. कायद्याने जागा दिली. ती रिकामी ठेवण्याचे काम घर करते, आणि हा दोष सुशिक्षित घरांत कमी आहे असे मानण्यास आधार नाही.

याउलट जी स्त्री रोजमेळ स्वतः जुळविते, येणे-देणे तोंडपाठ ठेवते आणि महिनाअखेरीस पैशाचा फरक शोधून काढते, तिला महापालिकेचे अंदाजपत्रक अवघड जाण्याचे कारण नाही. तेही अखेर जमा आणि खर्चच. कोणत्या लेखाशीर्षावर तरतूद झाली, मागील वर्षाची किती रक्कम अखर्चित राहिली, महिला व बालकल्याणाचा निधी प्रत्यक्षात कशावर गेला, हे तीन आकडे मागण्यास महापौर असावे लागत नाही. साधी नगरसेविका ते सभागृहात मागू शकते, आणि नागरिक असलेली गृहिणी माहिती अधिकाराच्या अर्जाने, दहा रुपयांत.