हसण्यावारी नेलेले पहिले प्रेम

लुईझ रेनिसन ह्या इंग्रज लेखिकेच्या 'अँगस, थाँग्ज अँड फुल-फ्रंटल स्नॉगिंग' ह्या १९९९ साली निघालेल्या पुस्तकाच्या वाट्याला अमेरिकेत चमत्कारिक योग आला. किशोरवाङ्मयासाठी असलेल्या प्रिंट्झ पारितोषिकाच्या वेळी, २००१ साली, तेथील ग्रंथालय संघटनेने त्याचा सन्मानग्रंथ म्हणून गौरव केला. पुढे त्याच संघटनेने २००० ते २००९ ह्या दशकात ज्यांच्याविरुद्ध अधिकाधिक तक्रारी आल्या अशा पुस्तकांची यादी केली, तेव्हा तिच्या पहिल्या शंभरांत ह्या पुस्तकापासून सुरू झालेली सबंध मालिका जाऊन बसली.

तक्रारींचा सूर आपल्याकडील वडीलधाऱ्यांना अपरिचित वाटणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीची रोजनिशी. तीत अभ्यास थोडा आणि मुलगे फार. चुंबनाची चर्चा उघड आणि भाषा उच्छृंखल. असली पुस्तके मुलींच्या हाती द्यावीत काय? आमचे उत्तर असे की, अवश्य द्यावीत. आणि ती विनोदी आहेत म्हणूनच द्यावीत.

ह्या मालिकेची नायिका जॉर्जिया निकोलसन पानोपानी फजीत पावते. भुवया रेखीव करावयास जाते आणि वडिलांच्या वस्तऱ्याने त्या साफ उडवून बसते. रॉबी नावाच्या देखण्या, वयाने मोठ्या मुलासाठी ती झुरते. तो तिला 'तू अजून लहान आहेस' असे सांगून दूर करतो. मग त्याच्या मनात मत्सर उत्पन्न व्हावा म्हणून ती डेव्ह नावाच्या थट्टेखोर मुलाशी प्रेमाचे नाटक करते. डेव्हला ते कळते व लागते. आणि वाचकाच्या ओठांवरचे हसू क्षणभर थबकते. दुसऱ्याच्या मनाचा आपण हत्यारासारखा उपयोग केला, हे त्या मुलीस कोणा गुरुजींच्या प्रवचनावाचून उमगते. ह्याहून अधिक नीतिशिक्षण कोणत्या बोधकथेत सापडेल?

२००९ पर्यंत ह्या मालिकेची दहा पुस्तके निघाली. ती निर्दोष आहेत असे आमचे म्हणणे नाही. रूपाची चिंता त्यांत अतोनात आहे, शिक्षकांची टवाळी कधी कधी क्रूर होते आणि उत्तरार्धात तीच ती वळणे पुन्हा येतात. पण हे दोष टीकाकाराने दाखवावयाचे. पुस्तक कपाटात कुलूपबंद करण्यास ते कारण होत नाहीत. शिवाय अखेरीस जॉर्जियाचे मन वळते ते तिला हसविणाऱ्या डेव्हकडे, हेही तक्रारदारांनी ध्यानात घ्यावे.

प्रेमाच्या गंभीर कथांवर आपला एवढा आक्षेप नसतो. विरहाने प्राण देणारे नायक आपण मुलांना खुशाल पाहू देतो. वास्तविक धोका तेथे अधिक. 'तुझ्यासारखे दुःख जगात कोणाचेच नाही' असे ती कथा पंधरा वर्षांच्या मुलाला सांगते, आणि ते त्याला खरे वाटते. विनोदी कथा त्याच्या खांद्यावर हात ठेवते व म्हणते, 'अरे, हे सर्वांचेच असे होते.' जे हसण्यावारी नेता येते ते घरात बोलताही येते. जे बोलता येत नाही ते लपून वाढते.

आता आपल्या घराकडे पाहू. विनोदाचे मराठीला वावडे नाही. बडोद्यात राहून चिं. वि. जोशींनी चिमणरावाच्या संसारावर पिढ्यान्‌पिढ्या हसविले. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ह्यांनी मुलांना हाती धरून वाचनाच्या वाटेवर आणले. परंतु गोट्या सुटला आणि संसार अजून दूर आहे, अशा वयात मराठी वाचकाने काय वाचावे? मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ साली आली आणि नववीतल्या प्रेमाला मराठीत मानाचे पान मिळाले. पण एका कादंबरीने दुष्काळ हटत नाही. ह्या वयाला सवय लागते ती मालिकेची: एक पुस्तक मिटताच दुसरे मागण्याची.

गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांना ही उणीव अधिक झोंबावी. तेथे शाळेची व बाजाराची भाषा बहुधा निराळी. मराठी टिकते ती घरात आणि आवडीने वाचलेल्या पुस्तकात. ज्या वयात मनाची सर्वांत गुप्त गोष्ट प्रथम शब्द शोधते, त्या वयात ते शब्द इंग्रजीने पुरविले, तर ते मूल मनाने इंग्रजीचेच होणार. मग संमेलनांतून मातृभाषेसाठी गळा काढण्यात काय हशील?

म्हणून लेखकांना आमचे मागणे आहे की, त्यांनी आपल्या गावच्या, आपल्या बोलीच्या किशोरांची फजिती मायेने लिहावी. आणि प्रकाशकांनी ती छापण्याचे धैर्य दाखवावे. पालकांनी एवढेच करावे: मूल ते पुस्तक वाचून खिदळू लागले, तर ते हातातून काढून न घेता, संपल्यावर स्वतः मागून वाचावे.