तत्त्व कोणाचे, तोशीस कोणाला?

बंगळुरातील मराठी कुटुंबांत उपवर मुलाची चौकशी चालते तेव्हा पगार, व्हाइटफील्डकडील घर आणि त्या घरावरील कर्जाची बाकी या बाबींचा निकाल पहिल्या चहाबरोबरच लागतो, आणि मग मुलगा सुशील, निर्व्यसनी व तत्त्वनिष्ठ असल्याचा दाखला कोणी मामा किंवा काका बिनदिक्कत देऊन टाकतात. सुशीलपणाविषयी माझी तक्रार नाही. तत्त्वनिष्ठेचा मामला मात्र इतक्या सहजी निकालात काढण्यासारखा नाही, कारण पुरुषाने एखादे तत्त्व उराशी धरले म्हणजे त्याची तोशीस कोणी सोसायची, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीच काढीत नाही.

या शहराला सर्वांत परिचित असलेल्या दांपत्याचेच उदाहरण घेऊ. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडणाऱ्या आणि पुढे त्याच कंपनीत अभियंता म्हणून रुजू झालेल्या सुधा कुलकर्णी यांचा नारायण मूर्तींशी विवाह 1978 मध्ये बंगळुरात झाला, आणि लग्नाचा 800 रुपयांचा खर्च दोघांनी निम्मानिम्मा सोसला. इतका चोख जमाखर्च थोड्याच संसारांच्या आरंभी आढळेल. पुढे 1981 मध्ये पुण्यात इन्फोसिसची तजवीज चालू झाली, तेव्हा सुधाताईंनी साठविलेले 10,000 रुपये पतीच्या हाती ठेवले आणि तीन वर्षांची मुदत घालून घरखर्चाचा जिम्मा स्वतःकडे घेतला. परंतु पतिपत्नींनी एकाच संस्थेत असू नये, असे मूर्तींचे मत होते. तुला यायचे असेल तर मी बाहेर पडतो, असा पर्यायही त्यांनी पुढे ठेवला. पर्याय न्याय्य दिसतो खरा. पण ज्या स्वप्नासाठी आपली पुंजी मोडली, त्यातून पतीलाच बाहेर काढणारा तो पर्याय कोणती पत्नी पत्करील? संस्था घराणेशाहीपासून अलिप्त राखण्याचे ते तत्त्व उदात्त होते, याविषयी दुमत नाही; मात्र तत्त्व एकाचे आणि त्यापायी दार बंद झाले ते दुसऱ्याला. आपल्यापेक्षा आणि इतर सहा संस्थापकांपेक्षा सुधा अधिक पात्र होती व आपला आदर्शवाद अनाठायी होता, अशी जाहीर कबुली मूर्तींनी जानेवारी 2024 मध्ये दिली. सत्तरी ओलांडलेल्या, कीर्तिमंत पुरुषाने असे बोलणे हे मोठेपणाचेच लक्षण होय. सुधाताईंनी पुढे लेखन व दानकार्य यांत स्वतःचे विस्तीर्ण क्षेत्र उभे केले. त्याचे श्रेय त्या जुन्या नकाराला देण्याची जी रीत पडली आहे, ती मात्र मला मान्य नाही.

याच कबुलीच्या तीन महिने आधी, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे, असे मूर्ती म्हणाले होते. वाद पुष्कळ झाला, पण तो उत्पादकतेचा आणि प्रकृतीचा. आउटर रिंग रोडवरील खोळंबा त्या 70 तासांत मिळविला म्हणजे पोराला ताप येताच रजेचा अर्ज कोणाच्या दप्तरी पडणार, हे विचारणारे आवाज त्या गदारोळात क्षीणच राहिले.

याउलट, तोशीस स्वतः सोसणाऱ्या पतीचेही एक उदाहरण आहे. एस. एल. भैरप्पा, शिवराम कारंत यांच्यासारखे थोर कन्नड लेखक मराठी वाचकाच्या घरात आणून बसविले ते उमा कुलकर्णी यांनी. ‘वंशवृक्ष’च्या त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. परंतु कन्नड लिपी वाचण्याचा सराव उमाताईंना नव्हता. त्यांचे पती विरुपाक्ष नोकरी सांभाळून त्या पृथुल कादंबऱ्या मोठ्याने वाचीत, ध्वनिफितीवर मुद्रित करून ठेवीत, आणि ते कामावर गेल्यावर उमाताई ऐकत ऐकत मराठी मसुदा तयार करीत. या गृहस्थांनी कोणतेही तत्त्व जाहीर केल्याचे मी वाचलेले नाही. पत्नीच्या कामासाठी जे तास खर्ची पडले ते त्यांच्या स्वतःच्या दिवसातले, आणि मुखपृष्ठावर अनुवादक म्हणून नाव छापले गेले ते एकट्या उमाताईंचे. यात त्यागाचा आवही नव्हता. मराठी साहित्य कन्नडमध्ये नेण्याचे विरुपाक्षांचे स्वतःचे काम त्याच घरात चालू होते.