ॲसिड जाळणारे मास्तर

परवा नवेगाव बांधला गेलो होतो. पहाटे तलावाच्या पाळीवर पोरं पळत होती. पोलीस भरतीची तयारी, १६०० मीटरसाठी जीव काढतात बिचारी! त्यातच आमचा भाचा, लंगडत. म्हटलं, "काहून रे?" तर म्हणतो, "मामा, कालचं लॅक्टिक ॲसिड साचलं. मास्तर म्हणतात, आज जास्त पळून जाळून टाक."

माझं डोकंच फिरलं.

मंडळी, हे ॲसिड-पुराण थांबणार कधी? स्नायूत तयार एटीपी असतं दोन-तीन सेकंदांपुरतं. क्रिएटिन फॉस्फेट ते पुन्हा भरतं, पण दहाएक सेकंदच. मग ऑक्सिजनविना साखर फोडून झटपट ऊर्जा मिळते, तिथे लॅक्टेट बनतं. पण ते कचरा नाही, इंधन आहे! हृदय ते जाळतं, दुसरे स्नायू जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. जोरात पळताना जी आग होते तिच्यात आम्लतेचा थोडा हात असेलही. पण पळणं थांबलं की तासाभरात लॅक्टेट जवळपास पूर्ववत होतं. मग दुसऱ्या दिवशी दुखतं काय? तंतूंना पडलेल्या बारीक चिरा. उतारावर पळाल्यावर तर जास्तच. चिरा पळून जळत नाहीत, विश्रांतीने भरतात.

आणि गंमत बघा. १६०० मीटर म्हणजे पाचेक मिनिटं. त्यातली बहुतेक ऊर्जा येते ऑक्सिजनवर. म्हणजे बोलता येईल अशा संथ वेगाने बरेच दिवस पळायचं आणि जोरात आठवड्यातून एक-दोनदाच. मास्तर रोज ओकारी येईस्तोवर पळवतात!

मास्तर म्हणतील, "आमची पोरं लागली की!" लागलेली मोजता, हो. पोटऱ्या धरून घरी बसलेली कोण मोजतं?

जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले. तिथे कारण वेगळं होतं, उन्हातली धाव. पण शरीराचं न ऐकण्याची सवय हीच. अती पळून लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर आलेलं असतं. तेव्हा मास्तर नको, थेट दवाखाना.

भाच्याला दोन दिवस घरी बसवलंय. मास्तर रागावलेत म्हणे. रागावू देत. नोकरी त्याला लागायची आहे, पायही त्याचेच आहेत.

असो.