परदेशात डेबिट कार्ड वापरताना पैसे नेमके कुठे कापले जातात?

बँकॉक, दुबई किंवा सिंगापूरला निघालेल्या बहुतेकांच्या पाकिटात बँकेचं डेबिट कार्ड असतंच. गरज पडली तर तिथल्या एटीएममधून पैसे काढू, असा साधा हिशोब असतो. पण परत आल्यावर स्टेटमेंट उघडलं की काढलेली रक्कम आणि खात्यातून गेलेली रक्कम यांचा मेळ बसत नाही.

यात कुणी फसवलेलं असतंच असं नाही. शुल्क वेगवेगळ्या ठिकाणी लागतं आणि प्रवाशाला ते सगळं एकाच वेळी दिसत नाही. त्यातही खिशाला चाट लावणारा एक पर्याय तर सोय म्हणूनच समोर येतो.

मुळात कार्ड परदेशात चालेल का?

आपोआप नाही. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालतं. परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये त्यासाठी पर्याय असतो. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते.

हे काम भारतातच उरकलेलं बरं. परदेशात गेल्यावर भारतीय सिमचं रोमिंग सुरू नसेल, तर ओटीपी येत नाही आणि ओटीपीशिवाय बदल होत नाही.

कार्ड कोणतं आहे, हेही पाहा. फक्त देशांतर्गत वापरासाठी दिलेलं साधं रुपे कार्ड परदेशातल्या बहुतेक मशिनवर चालत नाही. रुपेचीही आंतरराष्ट्रीय कार्डं आहेत, पण ती बँकेकडून वेगळी घ्यावी लागतात.

१०,००० रुपये काढले, तर किती जातात?

पहिला खर्च म्हणजे चलन बदलण्याचं शुल्क, ज्याला मार्कअप म्हणतात. अनेक भारतीय बँका साधारण २ ते ३.५ टक्के मार्कअप लावतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. दुसरा खर्च परदेशी एटीएम वापरल्याचा. तो अनेक बँकांत दर वेळी १२५ ते १५० रुपये असतो, त्यावरही जीएसटी. तिसरा खर्च तिथल्या एटीएमच्या मालक बँकेचा. थायलंडमध्ये अनेक एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी किमान २२० बाथ लागतात.

समजा, मार्कअप ३.५ टक्के आणि एटीएम शुल्क १२५ रुपये आहे. १०,००० रुपयांइतकी रक्कम एकदाच काढली, तर मार्कअपचे ३५०, त्यावर जीएसटीचे ६३ आणि एटीएम शुल्काचे जीएसटीसह १४७.५० असे सुमारे ५६० रुपये जादा जातात. हीच रक्कम २,००० रुपयांप्रमाणे पाच वेळा काढली, तर खर्च सुमारे १,१५० रुपयांवर जातो. तिथल्या एटीएमचं शुल्क यात धरलेलं नाही. तेही पाच वेळा लागेल.

थोडे थोडे पैसे काढणं सुरक्षित वाटतं, पण महाग पडतं. काही बँका तर परदेशी एटीएमवर नुसती शिल्लक पाहण्याचेही पैसे घेतात.

रुपयांत की बाथमध्ये?

चौथा खर्च या प्रश्नात दडलेला असतो. एटीएम किंवा दुकानातलं मशिन विचारतं, 'रक्कम भारतीय रुपयांत आकारायची का?' रुपये ओळखीचे असल्यामुळे अनेक जण 'हो' म्हणतात.

'हो' म्हटलं की दर कार्ड नेटवर्कचा राहत नाही, तिथली बँक किंवा तिची सेवा देणारी कंपनी तो ठरवते. त्यात तिचा नफा असतो, त्यामुळे हा दर बहुतेक वेळा महाग पडतो. शिवाय, रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही काही भारतीय बँका शुल्क लावतात.

म्हणून स्थानिक चलन निवडा. एटीएमवर हा पर्याय 'डिक्लाइन कन्व्हर्जन' असा दिसू शकतो. 'डिक्लाइन' वाचून व्यवहारच रद्द होईल, या भीतीने लोक 'ॲक्सेप्ट' दाबतात. प्रत्यक्षात नाकारला जातो तो फक्त त्यांचा दर. पैसे मिळतातच.

क्रेडिट कार्डापेक्षा वेगळं काय?

एलआरएस योजनेत भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशात पाठवू किंवा खर्चू शकते. डेबिट कार्डावरचा परदेशातला खर्च या योजनेत मोजला जातो. मे २०२३ मध्ये सरकारने परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्डही यात आणण्याचा निर्णय घेतला होता. त्यावर टीका झाली आणि २८ जून २०२३ रोजी तो पुढे ढकलण्यात आला.

१ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही. त्यापुढच्या प्रवासखर्चावर २० टक्के लागतो. ही मर्यादा सर्व कारणांसाठी मिळून आहे. मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी पालकांनी स्वतःच्या बचतीतून १० लाख पाठवले असतील, तर त्याच वर्षी त्यांनी डेबिट कार्डावर केलेला परदेशी खर्चही या कक्षेत येऊ शकतो. रिटर्न भरताना ही रक्कम वळती करता येते, पण तोवर पैसे अडकतात.

दुसरा फरक बचत खात्याशी जोडलेला आहे. हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून धरतात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडते. डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडतात आणि मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात. कार्डाची माहिती चोरीला गेली, तरी धोका थेट बचतीला असतो.

निघण्यापूर्वी काय करावं?

- ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा, रोजची मर्यादा कमी ठेवा.
- प्रवासासाठी वेगळं खातं ठेवा आणि त्यात लागेल तेवढीच रक्कम टाका.
- बँकेच्या संकेतस्थळावर मार्कअप आणि एटीएम शुल्क तपासा. काही कार्डांवर मार्कअप शून्य असतो.
- बँकेचा परदेशातून लागणारा हेल्पलाइन क्रमांक कागदावर लिहून ठेवा.
- दुसरं एखादं कार्ड आणि थोडी रोकड वेगळ्या बॅगेत ठेवा.
- अनोळखी व्यवहाराचा मेसेज आला, तर ॲपमधून कार्ड लगेच बंद करा आणि तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवा. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार एवढ्या मुदतीत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही.

परत आल्यावर आंतरराष्ट्रीय वापर बंद करायला विसरू नका. अनेक परदेशी वेबसाइटवर ओटीपीशिवायही पैसे कापले जाऊ शकतात.