शेवटचा शब्द तुमचाच

भिलाईच्या हुडको वसाहतीत संध्याकाळी फेरफटका मारा. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली जोडपी भेटतील. मुले पुण्याला, बंगळूरला. घराचे मृत्युपत्र केले की निम्मी काळजी मिटली, असे वाटते. पण उद्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरांनी विचारले, ‘हृदय थांबले तर छाती दाबून पुन्हा सुरू करायचे का? व्हेंटिलेटर लावायचा का?’ तर? मुलगा फोनवरून ‘सगळे करा’ म्हणतो, मुलगी ‘हाल नकोत’ म्हणते. आई नुसती बसून राहते. ज्याचा जीव, त्याला मात्र आधी कुणी विचारलेलेच नसते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट प्रथम खुली केली. त्यांच्यापुरती मात्र परवानगी नाकारली. २०१८ मध्ये घटनापीठाने ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे इच्छापत्राला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली.

आता सज्ञान व्यक्तीने शुद्धीत, स्वखुशीने ते लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावे त्यात घालावीत. प्रती त्यांना, घरच्या डॉक्टरांना आणि पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्याव्यात. मन बदलले तर ते लेखी रद्दही करता येते.

एक गैरसमज नको. या कागदाने साध्या अपघातात उपचार थांबत नाहीत. आजार बरा होण्याची आशा उरली नसेल आणि रुग्ण स्वतः सांगू शकत नसेल, तेव्हाच त्याचा विचार होतो. तोही डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीने. इंजेक्शन देऊन जीव घेणे हा गुन्हाच आहे. वेदना कमी करणारी शुश्रूषाही चालूच राहते.

वाचकहो, कागद नोटरीकडे जाण्याआधी जेवणाच्या पानावर हा विषय काढा. मुले दिवाळीला घरी आली की तेव्हाच. ‘अभद्र बोलू नका’ असे कुणी म्हणेलही. म्हणू द्या. तुमच्या पश्चात ‘आपण चुकलो का?’ हा प्रश्न मुलांना जन्मभर छळू नये, यासाठीच तर हे बोलायचे.